दोन्ही चेहरे दिसले पाहिजेत

मेरिकोरने फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला, दोन पावलं मागे सरली आणि पडद्यात डोकावून पलंगाखालचं घाणेरडं भांडं पायाने आणखी आत ढकललं. आता चौकटीत फक्त स्वच्छ गोष्टी उरल्या होत्या. तिने घरून आणलेली फिकी निळी चादर, कोमट पाण्याची पांढरी परात आणि पलंगावर लोला मोनिंग, गावाची आजी. फोन उभा राहिलेला दिसताच म्हातारीने बोळकं पसरलं आणि हसायला सुरुवात केली.

"बघ, बघ!" नांग फेली दारातूनच म्हणाली. ती म्हातारीची सून, पन्नाशीची, अंगणात मासळी वाळत घालताघालता आली होती. "स्वतःच्या मुलाचं नाव विसरली, जेवली की नाही तेही विसरते. पण फोन दिसला की हसायचं, हे पक्कं लक्षात आहे. तुम्ही नर्सांनीच शिकवलंत तिला. लोला हस, लोला हस!"

मेरिकोरने परात पलंगाजवळ सरकवली. हसू तिला जपून वापरायचं होतं.

शहरातल्या एजन्सीला पाच मिनिटांचा व्हिडिओ हवा होता. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला पलंगावरच अंघोळ घालायची, आणि सबंध वेळ दोघांचे चेहरे दिसले पाहिजेत. जर्मनीतल्या वृद्धाश्रमाचे लोक तो पाहून नर्सा निवडणार होते. "सुया टोचणाऱ्या त्यांच्याकडेही ढीगभर आहेत," एजन्सीच्या मॅडम नखांवर फुंकर घालत म्हणाल्या होत्या. "तुमचं हसू हवंय त्यांना. आमच्या पोरी म्हाताऱ्यांना आईसारखं जपतात, हेच तर आपण विकतो." मेरिकोरला तेव्हाच तिथल्या गुळगुळीत फरशीवर पचकन थुंकावंसं वाटलं होतं. ती थुंकली नाही. तिने मान डोलावली आणि फॉर्म भरला.

तिचा पहिला व्हिडिओ दीड महिन्यापूर्वी परत आला होता. खाली एकच ओळ होती. तिसऱ्या मिनिटाला हसू तुटलं, पुन्हा पाठवा. पुन्हाची मुदत आज दुपारी बाराची होती. वयाची अट पस्तिसाची, आणि पुढच्या महिन्यात तिला छत्तिसावं लागत होतं. प्रांताच्या इस्पितळात आठ वर्षं ती सहा-सहा महिन्यांच्या करारावर राबत होती. एका पाळीला अडतीस रोगी आणि ती एकटी. दर सहा महिन्यांनी साहेबाच्या दाराशी ताटकळायचं, पुन्हा घ्याल ना म्हणून लाळघोटेपणा करायचा. आज बाराच्या आत व्हिडिओ गेला, तर ते दार सुटणार होतं.

तिने महिनाभर आरशासमोर हसण्याचा सराव केला होता. भांडी घासताना, कामावर जाताना जीपनीत, रोग्याचं लघवीचं भांडं रिकामं करतानासुद्धा.

म्हातारी मात्र व्हिडिओ करणाऱ्या सगळ्या पोरींची एकच होती. गावातले बाकीचे म्हातारे एक तर हिंडतेफिरते, नाही तर शिवराळ. लोला मोनिंग अंथरुणाला खिळलेली, कापसासारख्या केसांची, कुणी काहीही करा, कुरकुर नाही. पोरी येताना बिस्किटं नाही तर पानात उकडलेला इबोस भात घेऊन यायच्या आणि नांग फेली त्यांना आत सोडायची. एजन्सीच्या मॅडमना इतक्या व्हिडिओंत हीच म्हातारी दिसली असणार. त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं, मढं कुणाचं हे कशाला विचारतील?

"नांग," बाहेरच्या बाकावरून झाइराने मेरिकोरला हाक मारली; वयाने मोठी ती नांग, म्हणजे ताई. यंदाच पास झालेली, तेवीस वर्षांची पोर. केस चापूनचोपून बांधलेले, मांडीवर स्वतःची गुलाबी चादर. "लवकर आटपा हं. मलापण बाराच्या आत पाठवायचाय."

"पाच मिनिटं," मेरिकोर म्हणाली. तिने ओठ ताणले आणि बटण दाबलं.

पहिल्या मिनिटात तिने म्हातारीचं तोंड पुसलं. कानामागची मळाची पुटं पाहून तिला शिसारी आली. नाकातोंडावरून आजवर इतके हात फिरले, कानामागे एकही पोचला नव्हता. कानामागचं फोनला दिसत नाही. दुसऱ्या मिनिटाला तिने हात धुतले, बोटाबोटांतून फडकं फिरवलं, मग लोशन लावलं. हे लोशन लोलाच्या मुलीने पाठवलं होतं. लुझ इंग्लंडमध्ये वृद्धाश्रमात नर्स होती. दर नाताळला तिची पेटी यायची, आईच्या कातडीसाठी सहा बाटल्या आठवणीने घातलेल्या.

"छान वाटतंय ना, लोला?" मेरिकोर फोनसाठी म्हणाली.

लोला फोनकडे बघून हसली.

तिसऱ्या मिनिटाला कूस बदलायची होती. सगळ्या पोरींनी ही युक्ती एकमेकींना शिकवलेली. म्हातारीला फोनकडे तोंड करून कुशीवर वळवायचं आणि आपण तिच्या मागे उभं राहून वाकायचं. म्हणजे पाठ धुताना दोन्ही चेहरे दिसतात. पाठ दिसत नाही.

मेरिकोरने तिला वळवलं, झगा वर सरकवला आणि ओलं फडकं घेतलेला हात खाली नेला.

वास आधी आला. मगाशी घरात शिरताना आला होता तोच. तेव्हा तिला तो अंगणातल्या मासळीचा वाटला होता.

माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती. कडा काळ्या, आत पिवळट चिकट लगदा. त्यावर कुणीतरी पावडर फासली होती आणि तिचे गोळे झाले होते. एका कडेला पिवळा धागा चिकटला होता. पिवळी चादर आर्लेनची. मेरिकोरच्याच पाळीतली आर्लेन गेल्या आठवड्यात निवडली गेली, तिने अख्ख्या वॉर्डाला नूडल्सचं पान्सित खाऊ घातलं होतं. मेरिकोरने दोनदा घेतलं होतं.

तिने फोनकडे पाहिलं. पडद्यात दोन बायका हसत होत्या. एकीला दात नव्हते. दुसरीचं हसू ओठांच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत शाबूत होतं, जरासुद्धा ढळलं नव्हतं. सराव कामाला आला होता. एवढं सगळं डोळ्यांनी पाहत असतानाही ती बाई गोड हसत होती. मेरिकोरला त्या बाईची किळस आली, जखमेची आली नव्हती इतकी.

अजून दोनच मिनिटं. मग जखमेचं काय ते करता आलं असतं.

दीड महिन्यापूर्वी तिसऱ्या मिनिटाला तिचं हसू का तुटलं होतं, हे ती कधी विसरलीच नव्हती. तिने फक्त तिकडे बघणं सोडलं होतं. याच जागी तेव्हा नाण्याएवढा लाल डाग होता. तिने बोटाने दाबून पाहिला, तो पांढरा पडला नाही. म्हणजे पडून पडून आतून जखम व्हायला लागलीय, हे पहिल्या वर्षाची पोरही सांगेल. जाताना नांग फेलीला सांगू, असं तिने ठरवलं होतं. मग नांग फेलीने चहा दिला, गप्पा झाल्या, तीनचाकी आली, आणि ती चादर घडी घालून निघून गेली.

तिने फडकं परातीत टाकलं.

"नांग फेली, इकडे या. अशा मागच्या बाजूने या."

नांग फेली हात पुसत आली, वाकली आणि तोंडाला पदर लावावा तशी तिने टी-शर्टची कॉलर नाकावर ओढली. "अगं आई गं! हे कधी झालं?"

"तुम्ही अंग पुसता तेव्हा दिसलं नाही?"

"मी कुठे पुसते आता?" नांग फेलीचा आवाज चढला. "आधी मीच करायचे सगळं. दर दोन तासांनी कूस बदलायचे, घड्याळ लावून. लुझने फोनवर शिकवलं होतं. मग तुम्ही यायला लागलात. शिकलेल्या नर्सा, गरम पाणी काय, लोशन काय! म्हटलं, आपला अडाणी हात कशाला मध्ये घालायचा? आज ही येतेय, परवा ती येतेय... काही असलं तर सांगतीलच की." ती थांबली. "अकराजणी आल्या गं पोरी, इंदाय. एकीनेही तोंड उघडलं नाही."

"मला धरून अकरा," मेरिकोर म्हणाली.

नांग फेलीने तिच्याकडे पाहिलं. शिव्या द्यायला तिने तोंड उघडलं, पण नजर पुन्हा जखमेकडे वळली.

"पाणी उकळायला ठेवा. मीठ घाला त्यात. आणि लुझला फोन लावा. आजच इस्पितळात न्यायला लागेल, मी डॉक्टरांशी बोलते."

मेरिकोर पाळी संपवून थेट इथेच आली होती, पिशवीत गॉजची दोन पाकिटं होती. तिने हात धुतले, निळ्या चादरीची कड फाडून खाली घातली आणि पाणी निवल्यावर कामाला बसली. मेलेलं कातडं सोडवताना तिने जखमेकडे पाहिलं, मग म्हातारीच्या तोंडाकडे. अशा वेळी रोगी हात झटकतो, निदान कण्हतो. लोला मोनिंगच्या कपाळावर घामाचे थेंब होते, मूठ चादरीत आवळलेली होती. आणि ती हसत होती. डब्याला टेकलेल्या फोनकडे बघून, बोळकं पूर्ण उघडून.

"लोला, नका हसू."

लोला आणखी हसली.

मेरिकोर उठली. चित्रण अजून चालूच होतं, एकोणतीस मिनिटं झाली होती. तिने ते बंद केलं, फोन डब्यामागे पालथा घातला आणि परत येऊन गॉज उचललं. म्हातारीचं तोंड हळूहळू मिटायला लागलं होतं, तेवढ्यात दारात झाइरा आली. एका हातात गुलाबी चादर, दुसऱ्या हातात फोन.

"नांग, पावणेबारा झाले! तुमचं व्हायचंच असेल तर मी आधी..." वास तिच्यापर्यंत पोचला तशी तिने चादर नाकाला लावली. पण फोन हातात उभाच राहिला होता. तो दिसताच लोला पुन्हा हसू लागली.

"तू आधी कधी आली होतीस इथे?" मेरिकोरने विचारलं.

"नाही. पहिल्यांदाच."

"मग बरं आहे. फोन बाहेर ठेव. चादर इकडे आण, फाडायला लागेल. आणि हात धू, कोपरापर्यंत."

झाइराने फोनच्या घड्याळाकडे पाहिलं. मग पलंगाकडे. ती बाहेर गेली, आणि आता ही काही परत येत नाही, असं मेरिकोरला वाटलं. थोड्या वेळाने अंगणातल्या पिंपातून पाणी ओतल्याचा आवाज आला. झाइरा ओल्या हातांनी आत आली, काखेतली चादर पलंगावर टाकून म्हातारीला पुढून धरून बसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मेरिकोरने पुन्हा गॉज टेकवलं. लोला मोनिंगने तांदळाच्या डब्याकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. तिने झाइराच्या हातांकडे पाहिलं, ते रिकामे होते.

"फोन नाही, लोला," मेरिकोर म्हणाली. "आता रडलं तरी चालेल."

म्हातारीने जरा वेळ खात्री करून घेतली. मग ती अशी किंचाळली की अंगणात मासळीवर बसलेले कावळे उडाले.