लाल दोऱ्याचं दुकान

देवानं प्रत्येकाला जीभ एकच दिली आहे, पण वहिनींच्या धाकट्या दिराला वाटपाच्या वेळी बहुतेक दोन मिळाल्या असाव्यात. सगळी गल्ली त्याला पोपट म्हणायची. जुन्या शिलाई मशिनी दुरुस्त करून विकायचं त्यांचं दुकान. दुरुस्ती वहिनींकडे आणि विक्री पोपटाकडे, अशी वाटणी. गंजलेल्या चाकाला काळा रंग फासायचा, त्यावर सोनेरी वेलबुट्टी काढायची आणि सांगायचं, “एका आजीबाईंची आहे हो, फक्त नातवंडांची झबली शिवली त्यांनी.” त्याच्या बोलण्यात इतक्या आजीबाई होऊन गेल्या की गावात तरुण माणूस कधी शिवण करतच नसावा.

मशीन घरी जायची, चार दिवस नांदायची आणि रुसून बसायची. मग बाई तणतणत परत. असं होता होता दुकानाचं नाव गेलं. नाव मिळवायला उभा जन्म लागतो आणि घालवायला एक वेलबुट्टी पुरते. बायका यायच्या, चाकावरून हात फिरवायच्या, “बघून येते हं” म्हणायच्या आणि निघून जायच्या. ‘बघून येते’ म्हणून गेलेली बाई परत आली, असं कधी कुणी ऐकलंय?

शेवटी एक दिवस जेवताना मामंजींनी विषय काढला. भंगारवाल्याशी बोलणं झालंय, म्हणाले. महिनाअखेरीला तो गाडी घेऊन येईल आणि सगळा माल वजनावर उचलून नेईल. वहिनींचा घास हातातच राहिला. हे दुकान त्यांच्या नवऱ्यानं उभं केलेलं. मशीन उघडून तिचं दुखणं कसं ओळखायचं, हे त्या त्याच्याच शेजारी स्टुलावर बसून शिकल्या होत्या. तो गेल्यावर हातात पाना धरला की वहिनींना वाटायचं, अजून संसार मोडलेला नाही.

आता वहिनींची एक सवय होती. मशीन उघडली की जो भाग झिजलेला दिसेल तिथं लाल दोऱ्याची गाठ मारायची, म्हणजे दुरुस्तीत विसर पडत नाही. मशीन पुढे मांडताना तो दोरा कापून टाकायचा. त्या आठवड्यात मन थाऱ्यावर नव्हतं, आणि एका मशिनीच्या पट्ट्याचा दोरा तसाच राहिला. एका बाईनं विचारलं, हे काय? वहिनी बोलून गेल्या, पट्टा जुना आहे, वर्षभर ओढेल, मग बदलावा लागेल. बाईनं पट्टा बोटानं ओढून पाहिला. मग म्हणाली, “बाकी सगळं ठीक ना? मग द्या.” घासाघीस नाही, बघून येणं नाही.

त्या दिवसापासून वहिनींनी दोरे कापणं बंद केलं. जिथं काही उणं, तिथं दोरा. रंग आणि वेलबुट्टीही बंद.

पोपट हबकलाच. “वहिनी, लग्न ठरवताना कुणी सांगतं का, मुलगा घोरतो म्हणून?”

“सांगावं, भाऊजी. मग बायको चौथ्या दिवशी माहेरी जात नाही.”

हळूहळू दोन-चार मशिनी गेल्या. पण महिना त्याहून भरभर चालला होता. अशात कात्रीबाई आल्या. घरी शिवणाचा वर्ग चालवायच्या. जीभ अशी की कापड सोडून माणसंच बेतायच्या. दुकानभर लटकणारे दोरे बघून म्हणाल्या, “दुकान आहे की दवाखाना?” आणि नेमकी बिनदोऱ्याची मशीन निवडून घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी नवं शटल आलं, तेव्हा वहिनींनी दोरा बांधलेल्या एका मशिनीचं झिजलेलं शटल, म्हणजे खालचा दोरा फिरवणारा भाग, बदलायला घेतलं. जाड कापडावर टाके सोडायची ती. चालवून पाहिली, तर टाके मोत्यासारखे.  पोपटाला विचारलं. तो जरा घुटमळला. धूळ पुसताना एका मशिनीचा दोरा सुटून पडला होता. दोन्ही मशिनी जुळ्या बहिणी, त्यानं अंदाजानं एकीला बांधला. म्हणजे आजारी मशीन बिनदोऱ्याची होऊन कात्रीबाईंच्या घरी गेली होती.

पोपटानं समजावलं. त्या मलमल शिवतात, त्यांना जन्मात कळणार नाही. आणि कळवलं तर ती बाई गावभर दवंडी पिटेल. मग भंगारवाल्याची वाट बघायलाही नको, आपणच माल त्याच्या दारात नेऊन टाकू. वहिनींनी नवं शटल पिशवीत टाकलं, पायात चपला अडकवल्या. पोपट हत्यारांची पेटी घेऊन मागून निघाला, तोंडानं देवाचं नाव घेत. एरवी ते त्याला जांभई देतानाच आठवायचं.

कात्रीबाईंची खोली शिकणाऱ्या मुलीबाळींनी भरलेली. कपड्यांचे ढीग, खडूची भुकटी, मशिनींची खडखड. वहिनींनी दारातूनच सांगितलं, आमची चूक झाली, दोरा दुसऱ्याच मशिनीला लागला. खडखड थांबली.

“छान चाललीय की,” कात्रीबाई म्हणाल्या.

वहिनींनी जाड पडद्याच्या कापडाची चौपदरी घडी मागितली आणि मशीन चालवली. टाका पडला, सुटला, पडला, सुटला. कात्रीबाईंनी चष्मा काढून पुसला.

“मी मलमल शिवते. मला कळलंच नसतं.”

“तुम्हाला नसतं कळलं. मला कळलं होतं ना.”

 वहिनींनी तिथंच जमिनीवर बसून शटल बदललं, तेल घातलं, घडी पुन्हा शिवून दाखवली. निघताना कात्रीबाई नुसतं “बरं” म्हणाल्या. वाटेत पोपट म्हणाला, कात्रीनं ‘बरं’ म्हणणं चांगलं नाही.

महिनाअखेर उजाडली. भंगारवाला गाडी घेऊन आला खरा, पण त्याला आत शिरताच येईना. दारात कात्रीबाई उभ्या, मागं त्यांचा अख्खा वर्ग, आया आणि मावश्यांसकट. कात्रीबाईंनी खरंच गावभर दवंडी पिटली होती: या दुकानात दुखणं गिऱ्हाइकाच्या आधी दुकानदार सांगतो, आणि चुकला तर घरी येऊन सांगतो. बायका मशिनीपुढे वाकून दोरे वाचत होत्या. हा कशाचा? दात्यांचा, कापड जरा हळू सरकतं. चालेल, मला काय घाई आहे? पोपटाला तोंड उघडायची गरजच पडत नव्हती, नुसतं दोऱ्याकडे बोट दाखवलं की पुरे. मामंजी गल्ल्यापाशी खुर्चीच्या काठावर बसले होते. डोळे पुसताना सुनेनं पाहिलं, तेव्हा म्हणाले, तेलाचा वास फार सुटलाय आज.

दुपारी एकच मशीन उरली. निर्दोष, एकही दोरा नाही. बायका तिच्याकडे संशयानं बघत आणि पुढे सरकत. हिचं दुखणं सापडलेलं नसणार म्हणत. वहिनी पाणी पिऊन येतात तो पोपट तिच्या चाकाला गुपचूप लाल दोरा बांधतोय.

“भाऊजी.”

“अहो, दोरा असल्याशिवाय खपतच नाही.”

वहिनी इतक्या हसल्या की ठसका लागला. किती दिवसांनी असं हसू आलं होतं. कात्री उचलून त्यांनी तो दोरा कापला. “खोटा दोरा म्हणजे तुमची आजीबाईच हो.”

दारात उभ्या बाईनं हे सगळं पाहिलं होतं. ती आत आली आणि म्हणाली, “हीच द्या.”

भंगारवाला बिचारा सकाळपासून ताटकळला होता. मामंजींनी त्याला आत बोलावून चहा पाजला, कोपऱ्यातली मोडकी खुर्ची गाडीवर चढवून दिली आणि म्हणाले, “या अधूनमधून. पण चहालाच.”