राहण्याचा पत्ता

कारकूनबाईंनी तक्ता डॉक्टरांपुढे आपटला आणि एका रकान्यावर बोट दाबून धरलं.

"शून्य! सहा वर्षांत त्या गावात एकाही पोराला कॅन्सर नाही, आणि इथे शहरात दरवर्षी वाढ?"

"नोंदी सांगतात तेच छापायचं," कर्करोग नोंदणी कार्यालयाचे प्रमुख असलेले डॉक्टर मान वर न करता म्हणाले.

"पत्ते चुकलेत. उपचारांसाठी माणसं शहरात नातेवाइकांकडे राहतात आणि रुग्णालयात तोच पत्ता देतात. मूल गावचं, मोजलं जातं शहरात."

"मग दुरुस्त्या आणा. घरच्यांनी स्वतः सांगितलेल्या. एक-दोन चुकांसाठी अहवाल अडवत नाही मी. पाच तरी हव्यात, पाच वाजेपर्यंत."

बाई दिवसभर फोनला चिकटून होत्या. कुणी मामाकडे उतरलेलं, कुणी आत्याकडे. एका बापाने तर झापलंच, "पोरगं गेलं, आता पत्ता विचारता होय?" त्याचं काय चुकलं? बाईंना फॉर्मचा राग आला, डॉक्टरांचा आला, सगळ्या कारभाराचाच आला. चार वाजेपर्यंत चार दुरुस्त्या झाल्या.

पाचवा कागद त्यांनी सकाळपासून बाजूला सारला होता. त्यावरचं अक्षर त्यांचंच होतं. त्याच गावात राहणाऱ्या बहिणीच्या मुलीचा फॉर्म भरताना, पत्रं लवकर मिळावीत म्हणून, त्यांनी स्वतःच्या घरचा पत्ता घातला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मुलीला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून दोघी बहिणी तिच्याबद्दल अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

शेवटी त्यांनी फोन लावला.

"ताई, कामाचं विचारायचंय. छोटीचं दुखणं कळलं, तेव्हा तुम्ही कुठे राहत होता?"

"असं काय विचारतेस? इथेच, आपल्या घरी."

"मी फॉर्मवर माझा पत्ता लिहिला होता गं. ती आमच्या शहरातली धरली गेली. चूक माझीच."

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

"बदल मग. ती इथलीच."

बाईंनी जुना पत्ता खोडून नवा लिहिला. घड्याळात पाचला दहा कमी होते.

"झालं. तुमच्या गावची आता पाच झाली."

"पाच काय?"

"पोरं, ताई. कॅन्सरची. एवढ्याशा गावात, सहा वर्षांत."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आणि मी," ताई म्हणाली, "दोन वर्षं आठवत बसलेय, मी तिला काय काय खाऊ घातलं ते."