न वाचलेला मेल

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो, आणि सध्या माझं डोकं तापलेलं आहे. मला सांभाळणारे विठ्ठलबाब म्हणतात की ह्याला तापायला निमित्तच लागत नाही, ह्याचा पंखाच बिघडलेला आहे. पण ह्या खेपेची गोष्ट पंख्याची नाही. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही, तेव्हा जरा गप बसा आणि ऐका.

माझी पहिली नोकरी गोव्यात, पाळी गावच्या एका खाणीवर होती. खनिज भरलेले ट्रक काट्यावर चढायचे आणि त्यांचं वजन माझ्यात नोंदलं जायचं. तिथली लाल धूळ माझ्या कळांच्या फटींत अजून आहे. पुढे खाण बंद पडली आणि ऑफिस रिकामं झालं. कपाटं गेली, खुर्च्या गेल्या, भिंतीवरचं घड्याळसुद्धा कोणीतरी नेलं. माझं झाकण तडकलेलं, म्हणून मला कोणी हात लावीना. तेव्हा तिथे टिप्पर चालवणाऱ्या विठ्ठलबाबांनी मला शर्टात गुंडाळून कारापूरला आणलं. “चेडवाक उपेगाक पडात,” एवढंच ते घरात म्हणाले.

चेडू म्हणजे त्यांची लेक सेजल. पंधराव्या वर्षी तिला दिसायचं बंद झालं. मी घरात आलो तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि नुकतीच पणजीत सहा महिने राहून संगणक शिकून आली होती. तिने माझ्यात पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर घातलं आणि मला वाचा फुटली. वजनं नोंदण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला आवाज मिळाला, हे काय थोडं झालं? मी नुसता हरखून गेलो होतो.

तिचं काम कसं चालतं ते तुम्ही बघायला हवं. माउस ती वापरतच नाही. एफ आणि जे ह्या कळांवर एकेक बारीक उंचवटा आहे, तुम्ही बघणाऱ्यांनी त्याच्याकडे जन्मात लक्ष दिलं नसेल. तिची बोटं तिथे टेकतात आणि तिथून सगळीकडे फिरतात. पडदा ती काळाच ठेवते, तिला त्याचं काय काम! मला ती इतकं भरभर बोलायला लावते की सुलोचनाबाय, म्हणजे तिची आई, स्वयंपाकघरातून विचारते, हा मेला काय बडबडतो.

मेल तर ती अशी हाताळते की खाणीवरच्या मॅनेजरने शिकून घ्यावं. एकेका ओळीवर ती बाणाची कळ दाबत खाली येते. मी प्रत्येक ओळीची सुरुवात करताना, मेल उघडलेला नसेल तर आधी ‘न वाचलेला’ असं म्हणतो आणि मग पाठवणाऱ्याचं नाव सांगतो. ‘न वाचलेला’ ऐकलं की ती थांबते. नाही ऐकलं की पुढचं नाव पुरं व्हायच्या आत ती खालच्या ओळीवर गेलेली असते. आणि ज्या मेलचं काम संपलेलं नाही, तो वाचून झाल्यावरही ती पुन्हा ‘न वाचलेला’ करून ठेवते. उद्या तिथूनच सुरुवात. तुम्ही रुमालाला गाठ मारता ना, तसंच.

शेजारीपाजारी हे बघायला येत. कौतुक करत आणि जाताना हटकून ‘बिचारी’ म्हणत. त्या एका शब्दाने माझ्या अंगाचा तिळपापड होतो. अरे, तुमचे हजार हजार मेल तसेच कुजत पडलेत, आणि बिचारी ही?

तर ह्या वर्षी डिचोलीतल्या एका पुरवठा सोसायटीत जागा निघाली. काम काय, तर ग्राहकांचे मेल वाचायचे आणि उत्तरं द्यायची. सेजलसाठीच आखल्यासारखी जागा! तिने अर्ज केला. शिकून सहा वर्षं झाली होती, आणि घराबाहेरची एकही नोकरी तिला कोणी दिली नव्हती. मुलाखतीचं बोलावणं मेलवर येणार होतं. रोज चार चार वेळा ती मला उघडायची. तिची बोटं गार पडलेली असायची, ते मला कळायचं.

एका रविवारी ती सकाळीच सांखळीला मामीकडे गेली. आणि त्याच दिवशी तिचा भाऊ स्वप्नील घरी आला. हा मुरगावला गोदीत कामाला असतो, पंधरा दिवसांनी येतो. स्वभावाने वाईट नाही, ते मी रागातसुद्धा कबूल करतो. बहिणीवर जीव आहे त्याचा. पण जीव असला म्हणून हात लावायचा?

त्याने माझा काळा पडदा उजळ केला. मी बोलायला लागलो तर “कटकट नको” म्हणून माझा आवाज बंद केला. माझ्याच घरात माझं तोंड दाबलं! मग तो मेलमध्ये शिरला. बिचारी कधी वाचणार, आपणच बघून ठेवू, असं स्वतःशी पुटपुटत. हा शब्द घरच्या माणसाने वापरला, बाहेरच्यांचं मी काय घेऊन बसलो होतो! सकाळपासून तीन नवे मेल आले होते. दोन जाहिराती होत्या, त्या त्याने पुसल्या. तिसरा सोसायटीचा. मंगळवारी सकाळी दहा वाजता मुलाखत, मूळ कागदपत्रं घेऊन यावं. त्याने तो वाचला, खूश झाला, सेजल आली की सांगू म्हणाला. एवढ्यात सुलोचनाबायने जेवायला हाक मारली. बांगड्याचं हुमण होतं, नारळाच्या रसातलं. मग थोडी झोप, मग बस. बस पकडायच्या घाईत त्याने माझा आवाज तेवढा परत सुरू केला, आणि गेला.

संध्याकाळी सेजल आली. पाय धुऊन थेट माझ्यासमोर बसली. बाणाची कळ दाबली. पहिली ओळ सोसायटीचीच होती. पण मेल उघडला गेला होता, मित्रांनो. ‘न वाचलेला’ हे शब्द मला म्हणता येईनात. मी पाठवणाऱ्याचं नाव सांगायला तोंड उघडलं आणि तिचं बोट पुढच्या ओळीवर गेलंसुद्धा. खालचे तिने स्वतः राखून ठेवलेले मेल जागच्या जागी होते, म्हणून तिला कसलाच संशय आला नाही. थांब गो, मागे फिर, असं मला ओरडायचं होतं. पण मला विचारल्याशिवाय बोलता येत नाही. माझ्या तोंडून खोटं काही गेलं नाही आणि तरी ती फसली. सोमवारी तसंच. मंगळवारी दहा वाजता ती कपडे वाळत घालत होती.

बुधवारी तिने न राहवून सोसायटीत फोन केला. तिथल्या अंकिता नावाच्या बाईंनी सांगितलं की तुम्ही काल आला नाहीत, मेल तर रविवारीच पाठवला होता. सेजल पुन्हा माझ्यासमोर बसली. ह्या वेळी तिने एकेक ओळ शेवटपर्यंत ऐकली. मेल सापडला. तो तिने उघडला, आणि माझ्या तोंडून काय निघालं? नुसतं ‘चित्र’. बाकी काही नाही. कारण सोसायटीवाल्यांनी पत्र छापलं, सही केली, शिक्का मारला आणि त्याचा फोटो काढून पाठवला. शिक्क्याशिवाय पत्राला पत्र म्हणायचं नाही, ही आपल्याकडची रीत! मेल वाचायच्या नोकरीसाठी बोलावताय, तर चार ओळी टंकायला काय हात मोडले होते? मला चित्र वाचता येत नाही. शेवटी सुलोचनाबायने चष्मा लावून ते वाचलं, आणि तारखेपाशी येऊन थांबली.

रविवारी मला उघडणारा दुसरा कोण असणार? सेजलने स्वप्नीलला फोन लावला. पलीकडून तो म्हणाला, “होय गो, बघितलेलं मी. सांगूक विसरलंय.” तिने फोन ठेवला. मग सोसायटीला मेल लिहिला. काय घडलं ते सरळ लिहिलं, दुसरी संधी मागितली, आणि उत्तर फोटोत नको, अक्षरांत पाठवा, असंही लिहिलं. माझ्या कळांवर इतक्या जोरात बोटं पूर्वी कधी पडली नव्हती. मला ते बरं वाटलं.

पुढच्याच रविवारी स्वप्नील आला, मान खाली घालून. विठ्ठलबाबांनी त्याला आधीच झाडलं होतं. तो माफी मागायला लागला. सेजलने त्याला माझ्यासमोर बसवलं, पडदा काळा केला आणि म्हणाली, “डोळे मीट. आता माका सोसायटीचो मेल सोधून दी.”

त्याने मिटले. कळ दाबली, मी बोललो, तो गोंधळला. चार ओळी पुढे गेला, दोन मागे आला, भलताच मेल उघडून बसला. कपाळावर घाम आला त्याच्या. मी मुद्दाम काही केलं नाही, हं. पण त्याला मजा वाटत नव्हती, ह्याचं मला वाईटही वाटलं नाही.

एवढ्यात मी म्हणालो, ‘न वाचलेला.’ सोसायटीचाच होता, नवा. त्याने डोळे उघडले आणि हात पुढे केला. ती म्हणाली, “हात काढ. माझो मेल आसा तो.”

तिने तो उघडला. ह्या वेळी चित्र नव्हतं, अक्षरं होती. मी वाचलं. तुमच्या सूचनेप्रमाणे अक्षरांत लिहीत आहोत. मुलाखती मंगळवारी पूर्ण झाल्या, जागा भरली आहे. आपण उपस्थित नसल्याने आपला विचार करता आला नाही. कळावे.

हे मी नेहमीच्याच आवाजात वाचलं, कारण मला दुसरा आवाज नाही. पडदा काळाच होता, तरी स्वप्नील त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने तोंड हातांत लपवलं. “माझ्यामुळे तुझी नोकरी गेली गो,” तो म्हणाला. सेजलने नाही म्हटलं नाही.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा सोबती नाही. तोवर एक सांगून ठेवतो. ज्याला दिसत नाही त्याला मदत करायची असेल तर आधी विचारा. त्याच्या वस्तू, त्याची पत्रं, त्याच्या खुणा जिथे आहेत तिथेच राहू द्या. आणि बिचारी म्हणायचं असेल तर माझ्यासमोर म्हणू नका, मी आधीच तापलेला असतो.

त्या दिवशी सेजल उठायच्या आधी मला वाटलं, नकाराचा हा मेल ती पुसून टाकणार. तिचं बोट पुसायच्या कळेपाशी गेलंही होतं. पण तिने दुसऱ्या कळा दाबल्या आणि तिथेच थांबली, मी बोलायची वाट बघत.

मी म्हणालो, ‘न वाचलेला.’