दरमहा दोनशे ग्रॅम

"ताई, एक इचारू का? राग नका मानू." मागच्या बाकावरून गुलाबसिंग उठला. "तुमच्या तक्त्यातली खालची पाच लेकरं दर महिन्याला दोनशे ग्रॅमच काहून वाढून राहिलीत? माझ्या बकऱ्या बी अशा एकसारख्या वाढत न्हाईत."

वर्ग हसला. मीही हसले. नाही हसले तर लोक माझ्या तोंडाकडे बघतील, एवढं मला त्या क्षणीही कळत होतं.

वसमतच्या कॉलेजातला तो रविवारचा वर्ग. नोकरी-धंदा सांभाळून पदवी घेणारे आम्ही बावीस जण. कुणी होमगार्ड, कुणी दुकानदार, गुलाबसिंग तांड्यावरचा बकऱ्यांचा व्यापारी, आणि मी अंगणवाडी सेविका. पदवी झाली की पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला बसता येतं, म्हणून सदतिसाव्या वर्षी मी पुन्हा दप्तर धरलं होतं. विषयाचं नाव भारदस्त होतं, 'संशोधन आणि युक्तिवाद लेखन'. नादरे सर दर रविवारी एकाचा निबंध फळ्यावर घेत आणि बाकीच्यांनी तो कांद्यासारखा सोलायचा. दावा काय, पुरावा काय, पुरावा आला कुठून, आणि विरुद्ध बाजूचं म्हणणं लिहिणाऱ्यानं ऐकलं की कानांत बोळे घातले.

त्या रविवारी माझी पाळी होती. माझा दावा होता, 'आमच्या गावात एकही बालक कुपोषित नाही.' पुरावा होता माझीच वजनाची वही. माझं अक्षर मोत्यासारखं आहे. देवानं रूप देताना हात आखडता घेतला, पण अक्षर भरभरून दिलं. बारा वर्षांत माझ्या वहीत खाडाखोड नाही. तालुक्याच्या बैठकीत आमच्या वरच्या अधिकारी मॅडमनं एकदा ती उंच धरून सगळ्या सेविकांना दाखवली होती.

सरांनी खडू खाली ठेवला. "शितलताई, गुलाबसिंगचा प्रश्न बरोबर आहे. आकडा किती ते नंतर बघू. आधी सांगा, हे वजन कुणी केलं, कोणत्या दिवशी, कोणत्या काट्यावर?"

"मीच केलं सर."

"या पाचही लेकरांचं?"

"व्हय सर."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "मग ते निबंधात लिहा. आणि तुमच्या दाव्याच्या विरुद्ध जाणारा पुरावा गावात कुठं सापडतो का, तो शोधा. नाहीच सापडला तर कुठं कुठं शोधला ते लिहा. दोन आठवडे देतो."

परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. विरुद्ध पुरावा शोधायला मला कुठं जायची गरज नव्हती.

ती पाच लेकरं मेंढरंवाल्यांची. कुरुंद्याच्या पलीकडे आमची वाडी. तिथली काही घरं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पैनगंगेपार जातात, ती उन्हाळ्याच्या शेवटी परततात. लेकरं सोबतच जातात. गेलेल्या लेकराची नोंद अंगणवाडीच्या सरकारी फोनमध्ये स्थलांतरित म्हणून करायची असते, तसं केलं की ते जिथं जाईल तिथल्या अंगणवाडीत त्याला खायला मिळतं. पण त्यासाठी कागद, सह्या, तालुक्याच्या दोन खेपा. नोंद न करता वजनाची जागा रिकामी सोडली, तर फोनमध्ये लाल खूण येते आणि मॅडमचा फोन येतो. एका वर्षी मी रिकामी सोडली होती. भर बैठकीत उभं राहून ऐकून घेतलं. पुढच्या वर्षीपासून मी त्या लेकरांना गावातच ठेवलं. प्रशिक्षणात सांगितलं होतं की या वयाचं लेकरू महिन्याला साधारण दोनशे ग्रॅम वाढतं, म्हणून मी त्यांना दोनशे ग्रॅम वाढवत गेले. रोजची हजेरीही लावली. कुणाचं काय जातंय, असं तेव्हा वाटायचं.

मंगळवारी सकाळी द्वारकाबाई अंगणवाडीच्या दारात आली. तिच्या नवऱ्याचा, तातेरावाचा, मेंढरांचा कळप आदल्या संध्याकाळीच परतला होता. तिच्या कडेवर नात होती, रागिणी. दिवाळीत तिला तीन वर्षं पूर्ण झाली होती. मी हात पुढे केले आणि द्वारकाबाईनं तिला माझ्याकडे दिलं. मला वाटलं, मी चुकून नुसता फ्रॉकच घेतला.

"लई वाळली वो बाई," द्वारकाबाई म्हणाली. "तिकडं दोनदा ताप आला. दूध न्हाई, काही न्हाई. आमच्या बिऱ्हाडाजवळ अंगणवाडी व्हती, म्या घेऊन गेले की हिला. तिथली बाई चांगली व्हती, पण तिनं फोनात नाव पाहिलं अन् म्हनली, ही पोरगी तर तुमच्या गावातच जेवून राहिली. आज बी जेवली म्हने."

माझ्या हातात रागिणी होती. तिनं माझ्या मंगळसूत्राची वाटी तोंडात धरली.

"म्या म्हनलं, अवो बाई, पोरगी माझ्या कडेवर हाय, दिसत न्हाई का? ती म्हनली, मावशी, मी काय करू, फोनात तशी हाय. तीनदा गेले म्या. शेवटी तिनं आपल्या डब्यातली पोळी दिली." द्वारकाबाईनं पदरानं नातीचं नाक पुसलं. "तुमी असत्या तर असं झालं नसतं."

"फोनचा काय भरोसा मावशी," मी म्हणाले. "त्यांच्याच फोनात गडबड आसन."

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. सात महिने वहीत खोटं लिहिताना मला काही वाटलं नव्हतं. वही काही तोंडाकडे बघत नाही. ही बाई बघत होती, आणि माझ्यावर विश्वास ठेवून मान हलवत होती.

रागिणीला झोळीत बसवून मी ती दाराच्या चौकटीला टांगलेल्या काट्याला अडकवली. दिवाळीत ती अकरा किलो होती. माझ्या वहीत आता बारा किलो चारशे. काटा दहा किलो शंभरवर थांबला.

"बराबर हाय का?" द्वारकाबाईनं विचारलं. तिला आकडे वाचता येत नाहीत.

"थोडं कमी हाय. खाऊ घाला, भरून येईन."

थोडं नव्हतं. दहा किलो शंभर म्हणजे तक्त्यात थेट लाल. अशा लेकराला तालुक्याच्या दवाखान्यात चौदा दिवस ठेवून घेतात, औषधं देतात, दर दोन तासांनी भरवतात. पण त्यासाठी हे वजन फोनमध्ये टाकायला हवं, आणि ते टाकलं की एका महिन्यात दोन किलो तीनशे ग्रॅम घटलेलं लेकरू मॅडमला दिसणार. मग वही निघणार. बाकीची चार लेकरं निघणार. पर्यवेक्षिका होणं राहिलंच, सेविकाही राहीन की नाही कुणास ठाऊक.

मी ते वजन लिहिलं नाही. चार दिवस लिहिलं नाही. एवढं साधं वाक्य आहे हे, पण अजूनही हात अडतो.

त्या चार दिवसांत मी नवा निबंध लिहायला घेतला. विषय, 'मोबाईलचे दुष्परिणाम'. वर्गातल्या निम्म्या लोकांनी तोच घेतला होता. कुणाला त्रास नाही, कुणी आडवं विचारत नाही. दीड पान झालं. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं, आणि ते बघून मी वही मिटली.

शनिवारी आमच्या मदतनीस नर्मदाबाई खिचडीचं भांडं घासता घासता म्हणाल्या, "बाई, तातेरावाची नात खिचडी खाऊन राहिली, पन पोटात ठरत न्हाई. सगळं ओकते. दवाखान्यात काहून न्हाई धाडत तिला?"

मी उठले. चपला न घालताच द्वारकाबाईच्या घरी गेले. ती अंगणात मेंढराची लोकर कातरत होती, रागिणी शेजारी गोधडीवर पडलेली.

"मावशी, तिथल्या बाईच्या फोनात गडबड नव्हती," मी म्हणाले. "तुमच्या पोरीचं नाव मी इथं चालू ठेवलं व्हतं. वजन न करता वजन लिवलं, न जेवता जेवली म्हणून लिवलं. माझ्यामुळं तिला तिथं खायला मिळालं न्हाई."

कातर थांबली. मला वाटलं शिव्या देईल. मला त्या हव्या होत्या. द्वारकाबाईनं हातातली लोकर पोत्यात कोंबली, पोत्याचं तोंड आवळलं, आणि एवढंच विचारलं, "अन् मंगळवारी इचारलं, तवा काहून न्हाई सांगितलं?"

मी खाली वाकून रागिणीला उचललं.

"चला," ती म्हणाली. "तोला पुन्ना. माझ्यासमोर."

काटा पुन्हा दहा किलो शंभरवर थांबला. मी फोनमध्ये टाकलं, वहीत लिहिलं, आणि आधीच्या सातही आकड्यांवर रेघ मारली. बारा वर्षांतली पहिली खाडाखोड. दुपारच्या जीपनं दोघी दवाखान्यात गेल्या. जाताना द्वारकाबाईनं मला नमस्कार केला नाही, एरवी ती न चुकता करते.

पुढच्या रविवारी मी सरांना निबंध दिला. दावा बदलला होता: 'आमच्या गावातल्या वजनाच्या नोंदीवर विश्वास ठेवता येत नाही.' पुराव्याखाली लिहिलं होतं, पाच बालकांचे सात महिन्यांचे आकडे कुणीही वजन न करता लिहिले, लिहिणारी मी. पहिल्या दाव्याच्या विरुद्ध पुराव्याखाली लिहिलं, द्वारकाबाई, वय अंदाजे साठ, प्रत्यक्ष बोलणं, मंगळवार. तिचं म्हणणं ती बोलली तसंच उतरवलं होतं, दुसऱ्या बाईनं दिलेल्या पोळीसकट.

सरांनी दोनदा वाचलं. "हे जमा करायचं? मार्क मी देईन हो, पण हा कागद फायलीत राहतो. नाव काढून टाकू का तुमचं?"

"नाव काढलं तर पुरावा कुणाचा म्हणायचा सर?"

त्यांनी सही केली. मागून गुलाबसिंग बघत होता. सुटी झाल्यावर त्यानं कँटीनमधून माझ्यासाठी चहा आणला आणि बकऱ्यांबद्दल एक शब्द काढला नाही.

मॅडमची नोटीस आली. खुलासा मी दिला आहे, पुढचं अजून कळलेलं नाही. पर्यवेक्षिकेच्या परीक्षेचा अर्ज कपाटात तसाच पडून आहे.

दवाखान्यातून परतल्यावर पुढच्या महिन्याच्या वजनाला द्वारकाबाई रागिणीला घेऊन आली. मी झोळी अडकवली. काटा हलत हलत दहा किलो सातशेवर थांबला. मी आकडा मोठ्यानं वाचला आणि वही फिरवून तिच्यापुढे धरली. तिनं वहीकडे पाहिलं नाही. पुढे येऊन तिनं काट्याच्या काचेला नाक लावलं, कपाळावरच्या कुंकवाला बोट टेकवलं, आणि काटा जिथं थांबला होता तिथं काचेवर लाल टिकला लावला.

"हितं व्हती आज," ती नर्मदाबाईंना म्हणाली, माझ्याकडे न बघता. "पुढच्या महिन्यात याच्या पुढं पायजे."

ती काच मी रोज पुसते. त्या टिकल्याच्या भोवतीनं पुसते.