अर्ध्या पुलापर्यंतचं डांबर

पुलावरचं डांबर नदीच्या बरोबर मध्यावर संपलं होतं. सुरीनं केक कापावा तसं. अलीकडे काळाभोर गुळगुळीत रस्ता, नवे कठडे, त्यांना पिवळाधमक रंग. पलीकडे खड्डे, उघड्या पडलेल्या सळया आणि हात लावला तर तळहाताला गंज लागेल असा जुना कठडा. मध्ये चुन्याची एक रेघ होती. आपलं काम कुठवर ते विसरायला नको म्हणून कंत्राटदाराच्या माणसानं ओढलेली. ती रेघ म्हणजे मतदारसंघाची हद्द.

ब्रेकबाईंनी ती रेघ पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांना वाटलं, उद्या पुढचं काम सुरू होईल. पंधरवडा गेला, महिना गेला, चुना पावसानं धुऊन गेला, पण पलीकडे कोणी घमेलंसुद्धा नेलं नाही.

ब्रेकबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. अलीकडच्या तीरावर त्यांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. शिकणाऱ्याच्या शेजारी त्या बसायच्या, आणि त्यांच्या पायाशी जो जादा ब्रेक असायचा तो त्या अशा काही मनापासून दाबायच्या, की शिकणाऱ्याला आपले सगळे पूर्वज आठवावेत. नाव शिष्यांनीच पाडलं होतं. स्कूलला येणारी निम्मी पोरं पलीकडच्या तीरावरची. पुलाच्या जुन्या अर्ध्या भागात एका ट्रकचं चाक आरपार गेलं, तेव्हापासून पूल गाड्यांना बंद झाला. चालत जाता यायचं, पण गाडी न्यायची तर खालच्या पुलावरून तासाभराचा वळसा. आणि पलीकडे बाईंची आत्या राहत होती. एकटी, ऐंशीला टेकलेली, आणि कुणाचं काही ऐकून न घेणारी.

बाई आधी अलीकडच्या आमदारांकडे गेल्या. ते गडगडाटी हसणारे गृहस्थ होते.

"माझ्या हद्दीत एक तरी खड्डा दाखवा, ताई! दाखवाच!"

"साहेब, पण अर्धा पूल घेऊन आम्ही करायचं काय?"

"पुढचा अर्धा त्यांना विचारा. माझा असता तर मी उद्या केला असता."

मग त्या पलीकडच्या आमदारांकडे गेल्या. ते हळू आवाजात, समजुतीनं बोलणारे. म्हणाले, "आमची माणसं बाजाराला वरच्या गावी जातात. पूल ज्यांना हवा त्यांनी करावा. मध्यापर्यंत आलेच आहेत, तर पुढंही यावं, आमची काही हरकत नाही."

दोघांकडे मिळून बाईंनी इतक्या खेपा घातल्या, की दोन्ही ऑफिसांतल्या शिपायांनी त्यांच्याकडून गाडी शिकायला सुरुवात केली. पूल मात्र होता तिथंच होता. रात्री जेवताना त्या नवऱ्यावर भडकायच्या. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांना "आता नीट दिसतं का?" विचारून विचारून त्याच्या अंगात एक कायमची सबुरी मुरली होती.

"अहो, एक पूल आणि दोन मालक! कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"नदी ही नैसर्गिक सीमा असते," नवरा भात कालवत म्हणाला. "नकाशा काढणाऱ्याला सोपं पडतं."

पूर्वी असं नव्हतं. दोन्ही तीर मिळून एकच मतदारसंघ होता, आणि त्याचे आमदार होते एक डॉक्टर. चार वेळा निवडून आलेले. पूल त्यांच्याच काळातला. पुढं आजूबाजूची वस्ती वाढली, मतदारसंघाचे दोन तुकडे शेजारच्या दोन मतदारसंघांना जोडले गेले आणि रेघ नदीतून गेली. हे सगळं बाईंना आत्याकडून ठाऊक होतं, कारण आत्या त्या डॉक्टरांच्या ऑफिसात टायपिस्ट होती.

म्हणूनच, मतदारसंघांची पुनर्रचना होणार, लोकांच्या हरकती आणि सूचना मागवल्यात, हे कळल्यावर बाई उड्या मारत आत्याकडे गेल्या. दोन्ही तीर पुन्हा एका मतदारसंघात आणायचे, सह्या गोळा करायच्या, पहिली सही आत्याची.

आत्यानं चष्मा पुसला, अर्ज वाचला आणि परत दिला.

"मी नाही करायची सही."

"अगं, का?"

"आत्ता दोघांची दारं आहेत ठोठावायला. मग एकच राहील."

"दोन्ही बंदच आहेत ना! आणि डॉक्टरांच्या वेळी एकच दार होतं, तेव्हाच झाला ना पूल?"

"पोरी, डॉक्टरांचा दवाखाना तुझ्या बाजूला होता आणि घर माझ्या बाजूला. दुपारच्या जेवणाला होडीतून यावं लागायचं त्यांना, कपडे भिजायचे, बायको कावायची. म्हणून झाला पूल. मतदारसंघाचं काय घेऊन बसलीस!"

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. सगळ्या जगाला पटलेली गोष्ट घरच्याच माणसानं मोडीत काढावी! त्या तरातरा निघाल्या आणि पूल ओलांडेपर्यंत मनातल्या मनात आत्याशी भांडत राहिल्या.

सह्या मात्र भरभरून मिळाल्या. न्हावी, शिंपी, दोन्हीकडचे शाळामास्तर, शिकाऊ पोरं, त्यांचे आईबाप. सुनावणी मोठ्या शहरात होती. सभागृहात लांब टेबलामागं तिघं जण, मधोमध एक निवृत्त न्यायाधीश, भिंतीवर पडद्याएवढा नकाशा. सकाळपासून माणसं येऊन आपापली गावं इकडची तिकडं करा म्हणत होती. नंबर आला तेव्हा बाई आधी अडखळल्या. पण डांबराची गोष्ट सांगायला लागल्या तशी जीभ सैल झाली.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "खरंच मध्यावर संपलं?"

"चुन्याची रेघसुद्धा होती, साहेब. पावसानं गेली, नाहीतर फोटो आणला असता."

सभागृहात हशा पिकला. न्यायाधीशही हसले. त्यांच्या उजव्या हाताला बसलेला आकडेवाला मात्र हसला नाही. तो म्हणाला, "दोन्ही तीर एकत्र केले तरी लोकसंख्या पुरत नाही. कुठला तरी मोठा भाग जोडावा लागेल."

"जोडा की साहेब, कुठलाही जोडा!" बाई म्हणाल्या. जिंकत आलेलं माणूस जसं बोलतं तसं बोलल्या.

काही महिन्यांनी आदेश निघाला. बाईंची सूचना मान्य झाली होती. न्हाव्यानं त्यांच्या नवऱ्याची दाढी फुकट केली, स्कूलच्या दाराला कुणीतरी हार घातला. संध्याकाळी नवऱ्यानं नवा नकाशा दुकानाच्या काउंटरवर पसरला आणि हद्दीवरून पुन्हापुन्हा बोट फिरवत राहिला.

"काय झालं?"

"पळी आहे ही," तो म्हणाला. "लांब दांड्याची. हे बघ, खाली पळीत गिरण्यांचं शहर. मग हायवेच्या कडेकडेनं हा दांडा. आणि वर टोकाला, जिथं पळी भिंतीला अडकवायचं भोक असतं ना, तिथं आपण."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण भोक आहोत."

बाईंना हसू आलं नाही.

निवडणूक झाली. आधी दर वेळी दोन्ही आमदार आणि त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले, सगळेच निदान नमस्कार करायला तरी पुलापर्यंत यायचे. या वेळी एक रिक्षा कर्णा लावून आली आणि अलीकडच्या चौकातूनच वळून गेली. निवडून आल्या त्या गिरण्यांच्या शहरातल्या एक वकीलबाई. बाई त्यांना भेटायला गेल्या. पळीचा सगळा दांडा ओलांडून जायचं, म्हणजे सकाळी निघालं की शहरात पोचेस्तोवर पाठीचा कणा कुरकुरायला लागायचा.

वकीलबाईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी खोटं आश्वासन देणार नाही. तुमच्या पुलाच्या खर्चात इथले चार वॉर्ड सुधारतात. पण तुमचा प्रश्न मी सोडून दिलेला नाही. अहवाल मागवला होता. पूल धोकादायक आहे. पायी जाणाऱ्यांनाही तो आता बंद करतोय."

बाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"बंद? चालायलासुद्धा?"

"इतकी वर्षं तो दोघांच्या हद्दीत होता, म्हणून कुणी निर्णयच घेत नव्हतं. आता एकाच मतदारसंघात आलाय. निर्णय घेता आला."

ती बाई उद्धट बोलली असती, तर निदान भांडता तरी आलं असतं. आवाज चढवायला कुठं जागाच नव्हती. ब्रेकबाई गाडीत येऊन बसल्या आणि किल्ली हातात धरून नुसत्याच बसून राहिल्या. मतदारसंघ बदलून घेतला कुणी? आपणच. कुठलाही जोडा म्हणालं कोण? तेही आपणच. राग काढायचा तर काढायचा कुणावर!

आठ दिवसांत पुलाच्या दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले गेले. बाईंनी पुन्हा अर्ज लिहिला आणि पुन्हा दारोदार निघाल्या. शिंपी शिवणयंत्रावरून मान वर न काढता म्हणाला, "मागच्या वेळी केली होती ना सही, ताई." मास्तरांच्या बायकोनं मास्तर घरात नाहीत म्हणून सांगितलं. आत मास्तर खोकत होते. न्हाव्यानं तेवढी सही केली, पण म्हणाला, "तेव्हा गप्प बसलो असतो, तर चालत तरी जाता आलं असतं." बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि बाहेर पडल्या.

त्या वळसा घालून आत्याकडे गेल्या. वाटलं होतं, आता आत्या मागचं सगळं उगाळणार. आत्या भाजी निवडत होती. तिनं अर्ज वाचलासुद्धा नाही.

"सही करणार नाही मी."

"आत्या, आता तरी!"

"अर्जांचं काय होतं ते मला विचार. वीस वर्षं टाइप करत होते. डॉक्टर अर्जांना कधी घाबरले नाहीत. एका म्हातारीला मात्र घाबरायचे. रोज येऊन दारासमोरच्या खुर्चीत बसायची, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आपलं गाऱ्हाणं सांगायची. बघता बघता तिच्या गल्लीत दिवे आले." आत्यानं देठं पेपरात गुंडाळली. "गाडी आणलीयस ना? मी साडी बदलते."

त्या दिवसापासून दोघी जायला लागल्या. आत्या पुढच्या सीटवर बसून वाटभर भाचीच्या गाडी चालवण्याला नावं ठेवायची, आणि भाचीचा पाय सवयीनं नसलेला जादा ब्रेक शोधायचा. वकीलबाईंच्या ऑफिसात आत्यानं नेमकी दारासमोरची खुर्ची निवडली. आत शिरणाऱ्याला तिला ओलांडूनच जावं लागे. कामासाठी आलेल्या प्रत्येकाला ती विचारायची, "तुमचं काय अडलंय?" ते सांगून झालं की आपलं सांगायची. कंत्राटदारांना सांगितलं, पत्रकारांना सांगितलं, वकीलबाईंच्या सासूलाही सांगितलं. सासूबाई सुनेला डबा द्यायला आल्या होत्या, त्या आत्याजवळ तासभर बसल्या. ब्रेकबाईंना हे सगळं लाजिरवाणं वाटत होतं. स्कूल बंद पडलं होतं, पेट्रोल जळत होतं, आणि पुढ्यात काय चाललंय तर म्हाताऱ्यांच्या गप्पा.

शेवटी एक दिवस वकीलबाई बाहेर येऊन थांबल्या.

"आजी, आता घरी जा बघू."

"घरीच जायचंय, बाळ. रस्ता तेवढा चालू ठेव."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. मग इंजिनियरला फोन केला. पलीकडच्या अर्ध्या भागावर लोखंडी पट्ट्यांची पायवाट टाकायची, एका वेळी थोडीच माणसं सोडायची, पुढील आदेश होईपर्यंत. गाड्यांचं नाव काढायचं नाही. सगळं कागदावर आलं, सही झाली, शिक्का बसला. आत्यानं पुन्हापुन्हा वाचून कागद पिशवीत घातला.

परतीच्या वाटेवर ब्रेकबाई तोंड फुगवून गाडी चालवत होत्या. हायवेवर ट्रकांची रांग लागली होती, त्यात आणखी वैताग.

"तोंड का असं?" आत्यानं विचारलं.

"वर्ष गेलं, आत्या. सह्या, सुनावणी, मतदारसंघच्या मतदारसंघ बदलला. आणि मिळालं काय? चालत जायची वाट. ती तर होतीच की आपल्याकडे!"

आत्यानं पिशवीतला कागद चाचपला. थोड्या वेळानं म्हणाली, "गाडी थांबव. मला जाऊन यायचंय."

दांड्यावरचंच कुठलंसं गाव होतं. चहाची टपरी, मागं रेल्वेचं फाटक, आणि फाटकासमोर ताटकळलेली माणसं. आत्या मागच्या बाजूला जाऊन आली, पण गाडीकडे यायच्या ऐवजी टपरीच्या बाकावर बसली. बाईंनी काच खाली केली. कुणीतरी तिला सांगत होतं, की हे फाटक दिवसातून कितीदा लागतं आणि लागलं की पोरांच्या शाळेचा पहिला तास बुडतो.

"मग तुमच्याकडून आमदारांच्या ऑफिसात कोण जातं?" आत्या विचारत होती.

"आमच्याकडून कोण जाणार, आजी!"

"का? खुर्ची चांगली आहे तिथली. पाठीला टेकायला मिळतं."

ब्रेकबाईंनी हॉर्न वाजवला. आत्यानं नुसता हात हलवला आणि चहावाल्याला आणखी एक कप सांगितला. बाईंनी पुन्हा हॉर्न वाजवला. मग चिडून इंजिन बंद केलं, दार आपटलं आणि त्या बाकाकडे निघाल्या.