हेर्ता ब्लाउच्या बारा चादरी

१९४१ साली, डोमिनिकन देशातल्या सोसुआच्या निर्वासित वस्तीच्या धुणीघरात, इर्मा पोलाचेकने एक चादर नाकाशी धरून हुंगली आणि म्हणाली, "हिच्यावर कुणी झोपलेलंच नाही."

शेजारी नीळ कालवत बसलेली युफेमिया हसली. ती इथलीच, डोमिनिकन. युरोपातून जीव वाचवून पळून आलेली ही गोरी ज्यू माणसं आपापल्या पेट्यांतून काय काय घेऊन आली, ते तिला इर्माइतकंच बघायचं असायचं. कुणी पिसांच्या जाड रजया आणल्या होत्या. त्या उष्ण बेटावर त्यांच्यात उंदरांनी पिल्लं घातली. कुणी मासे कापायच्या चांदीच्या सुऱ्या आणल्या होत्या, त्यांनी आता केळी कापायचे. इर्मा विधवा, पन्नाशीला टेकलेली. वस्तीतल्या साऱ्यांचं धुणं तिच्या हाताखालून जायचं आणि धुण्यावरून माणूस ओळखण्याचा तिला नाद होता. कोण आजारी, कोण रडतं, कोणा नवराबायकोचं पटत नाही, तिला घरात न जाता कळे. कळत नव्हतं ते फक्त एमिल वाइनश्टोकचं.

एमिल सडाफटिंग, व्हिएन्नात चामड्याचे हातमोजे कापणारा, इथे गाईंचं दूध काढणारा. दर पंधरवड्याला तो बारा चादरी आणून द्यायचा. उंची तागाच्या, पांढऱ्याशुभ्र, कडेला बारीक टीप. गेल्या खेपेच्या इस्त्रीच्या घड्याही मोडलेल्या नसायच्या.

"दोन्या इर्मा, तो झोपतच नसेल," युफेमिया म्हणाली; वयाने मोठ्या बाईला ती इथल्या रीतीने दोन्या म्हणायची. "वटवाघळासारखा आढ्याला लोंबकळत असेल."

"एकदा विचारतेच."

"विचारा. मला पण सांगा."

इर्माने विचारलं. "हेर वाइनश्टोक, तुम्ही झोपता तरी कशावर?"

"पाठीवर," एमिल म्हणाला आणि चादरींचा गठ्ठा छातीशी धरून निघून गेला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात भर दुपारी दवाखान्यातून निरोप आला. एका तरुण बाईला वेळेआधी कळा सुरू झाल्या होत्या आणि दवाखान्यातल्या सगळ्या चादरी उकळत्या पाण्यात होत्या. डॉक्टरांना एक कोरडी, स्वच्छ चादर हवी होती, आत्ताच्या आत्ता. दोरीवर एमिलच्या बारा चादरी वाळत होत्या. ज्याला त्या वापरायच्याच नाहीत त्याला एकीचं काय, असा विचार करून इर्माने हाताला आली ती ओढली आणि धावत सुटली.

मुलगा झाला. सुखरूप. चादरीची मात्र दशा झाली. इर्माने ती साबणात उकळली, लिंबू चोळून हिरवळीवर पसरली, उन्हात पाणी शिंपडून पुन्हा वाळवली. आठ दिवसांनीही मधोमध तपकिरी डाग तसाच होता. तो डाग चोळताना तिचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. तिथे लाल दोऱ्याने भरलेला आकडा होता, सात; आजवर ती त्याला धोब्याची खूण समजत आली होती. तिने बाकीच्या चादरींचे कोपरे पाहिले. एक ते बारा, एकेक आकडा.

तिला आपलं गाव आठवलं. आपल्याकडे आकडे घालून चादरी कोण भरतं? मुलीची आई. मुलगी न्हातीधुती झाली की भरायला घेते आणि लग्नापर्यंत कपाटात ठेवते. त्यांच्यावर लग्नाआधी कुणाला टेकूही देत नाहीत. एकदा कुणी झोपलं की ती चादर रुखवताची राहत नाही. गावी असती तर इर्माने हे लांबून ओळखलं असतं. पण रुखवत एका बाप्याच्या पेटीत असेल, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

एमिलला तिने स्वतः जाऊन सांगितलं. तो गोठ्याच्या दारात उभा होता. ऐकून त्याने बादली या हातातून त्या हातात घेतली.

"मूल कसं आहे?" त्याने विचारलं.

"चांगलं आहे. रडतं जोरात."

"मग झालं." तो म्हणाला, "त्या चादरी माझ्या नाहीत, फ्राउ पोलाचेक. आमच्या वरच्या मजल्यावर ब्लाउ म्हणून विधवा बाई राहायच्या. मला इथला परवाना मिळाला आणि त्या खाली आल्या. म्हणाल्या, तुमच्याकडे न्यायला आहे काय? माझ्या हेर्ताचं एवढं घेऊन जा, आम्ही मागून येतो. मी माझं अंथरूण मागे ठेवलं आणि हे घेतलं. सामानाच्या यादीवर शिक्का मारणारा साहेब विचारतो, काय रे थेरड्या, लग्न करतोस की काय? म्हटलं, हो साहेब, जमलंय."

"आणि त्यांचं पत्र?"

"मे महिन्यात आलं होतं. त्यानंतर नाही." त्याने बादली खाली ठेवली. "बारा मोजून दिल्या होत्या त्यांनी. मी म्हटलं होतं, बाराच्या बारा परत देईन, कोऱ्या."

इर्माकडे तिच्या घरची एकच वस्तू उरली होती. आईने विणलेली तागाची चादर, मोरावियातल्या खेड्यातली, जाड, थंडीतली. येताना कपबश्या फुटू नयेत म्हणून त्यांच्याभोवती गुंडाळून आणलेली. कपबश्या वाटेत फुटल्या, चादर राहिली. या उकाड्यात तिच्यावर झोपण्याचा प्रश्नच नव्हता; इर्मा ती अधूनमधून काढून नुसती बघायची. त्या आठवड्यात तिने ती मापाने कापली, बारीक टीप घातली आणि कोपऱ्यात लाल दोऱ्याने सात भरला.

पंधरवड्याने एमिलने गठ्ठा हातात घेतला आणि अंगठा कडांवरून फिरवत नेला. मध्येच थांबला.

"ही जाड आहे."

"धुऊन धुऊन झाली असेल."

"धुऊन कापड विरतं, फ्राउ पोलाचेक. मी वीस वर्षं हातमोजे कापले."

इर्मा इस्त्रीकडे वळली. तो गठ्ठा उचलून गेला. पुढच्या पंधरवड्याला बाराच्या बारा घेऊन आला. बुरशी लागू नये म्हणून दोघांनी मिळून त्या सहा वर्षं धुतल्या आणि उन्हं दाखवली.

१९४७ साली शांघायहून, युद्धात तिकडे आसरा घेतलेली, काही माणसं वस्तीत आली. त्यांत हेर्ता ब्लाउ होती. आता तिशीची, हडकुळी, पोटुशी. सोबत तिथेच भेटलेला नवरा. आई व्हिएन्नातच मागे राहिली होती. अशा मागे राहिलेल्यांचं काय झालं, ते वस्तीत आता सगळ्यांना ठाऊक होतं.

एमिलने स्वच्छ सदरा घातला होता. धुणीघरातल्या मोठ्या मेजावर त्याने गठ्ठा ठेवला आणि दोन पावलं मागे सरकला, परीक्षा द्यायला आल्यासारखा. हेर्ता उभ्याउभ्याच कोपरे उलटत मोजू लागली. एक, दोन, तीन. सातवर थांबली. हाताने कापड चाचपलं.

"ही माझ्या आईच्या हातची नाही."

एमिलने मान खाली घातली. "चूक माझी आहे," तो म्हणाला.

"त्यांची कसली?" इर्मा पुढे झाली. "तुझी मी घेतली. बाळंतिणीखाली घातली, डाग निघाला नाही. नंतर तिच्या त्या पोराला लंगोट्या केल्या. ही माझ्या आईच्या हातची आहे."

हेर्ताने तिच्याकडे पाहिलं. "तुमची आई कुठे असते?"

"जिथे तुझी आई, तिथेच असणार."

बाहेर युफेमियाने पाणी उपसायचं थांबवलं होतं. हेर्ताने ती जाड चादर उलगडली, टीप नीट पाहिली, पुन्हा घडी घातली आणि सहा आणि आठच्या मधे ठेवली.

"बारा आहेत, हेर वाइनश्टोक," ती म्हणाली. "बरोबर आहेत."

एमिल खुर्चीत बसला आणि त्याने पालथ्या हाताने तोंड पुसलं.

हेर्ता नवऱ्यासह दोन वर्षांनी अमेरिकेत क्लीव्हलंडला गेली. चादरी घेऊन गेली. एमिलने मरेपर्यंत दुधाचं काम केलं. १९५८ साली तो गेला, समुद्रावरच्या टेकडीवर त्याला पुरलं. सातव्या चादरीवर जन्मलेला मुलगा पुढे शेजारच्या पुएर्तो प्लाता शहरात पशुवैद्य झाला. त्याला यातलं काही ठाऊक नाही. धुण्याची यंत्रं आली तेव्हा धुणीघर बंद पडलं, पण इर्मा आणि युफेमिया एकमेकींच्या ओसरीवर बसतच राहिल्या.

हेर्ताचं शेवटचं पत्र १९६३ च्या जानेवारीत आलं. इर्माला आता दिसत नव्हतं, म्हणून युफेमियाच्या नातीने अक्षर अक्षर लावत वाचून दाखवलं. मुलं मोठी झाली होती. अकरा चादरी विरून फाटल्या होत्या. सातवी अजून धड होती आणि हिवाळा आला की तिच्यासाठी पोरांची मारामारी व्हायची.

"तुमचीच ना ती?" युफेमिया म्हणाली. "मग मागवून घ्या की परत."

"कशाला?" इर्मा म्हणाली. "तिथे बर्फ पडतं."