इथून फाडा

वहिनीने बेलची दोरी ओढली आणि दाराच्या भोकातून एक डोळा उघडला.

"अगं बाई, बघतोय की हा माझ्याकडे," वहिनी म्हणाली आणि हसली. दार होतं कागदाचं, हाताच्या पंजाहून थोडं मोठं. बाजूला एक चकती होती. वहिनीने ती फिरवली तशी डोळ्याच्या जागी झोपमोड झालेले आजोबा आले, मग तोंडात ब्रश धरलेली बाई आली आणि मग एक मांजर. दाराच्या कडेला बारीक टोचे मारलेली पट्टी होती. तिच्यावर छापलं होतं, 'इथून फाडा'. वहिनीने मागचापुढचा विचार न करता ती टर्रकन ओढली. दार उघडलं आणि आतून एक इवलीशी रिकामी खुर्ची उभी राहिली.

"खुर्चीच्या पाठीवर तुमचं नाव आहे, वन्सं. नंबर पण आहे. आणि हे काय? 'बसू का? फोन करा.'" वहिनीने मान वर केली. "अय्या, किती गोड."

धाकटी मात्र वहिनीच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. तिचं लक्ष वहिनीच्या अंगठ्याकडे होतं. पट्टी कुठे अडली नाही, वाकडी गेली नाही, एका दमात सुटली. तिचा जीव भांड्यात पडला. अशी दारं तिने बरीच केली होती आणि शेजारच्या काकूंना, इस्त्रीवाल्याला, अगदी दादालाही फाडायला लावली होती. सगळ्यांनी फाडली. लोकांना फाडा म्हटलं की लोक फाडतात, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

शंका येणार तरी कशी? चाळिशी मागे पडूनही घरात धाकटी हेच नाव चिकटलेली ही बाई, शिक्षण संपल्यापासून एका छापखान्यात औषधांची खोकी आखत आली होती. खोकल्याच्या औषधाचं, डोळ्यांच्या थेंबांचं, मलमाच्या ट्यूबचं. घडी कुठे पडेल, झाकण कुठे अडकेल, पट्टी कुठून फाटेल, हे ठरवायचं तिने. लोक खोकं घेणार, फाडणार, बाटली काढणार आणि खोकं केरात टाकणार. आपलं काम केरात गेलेलं पाहूनच तिला ते नीट झालं असं कळायचं. अशा कामाचं कौतुक कोण करणार? पण तिला ते आवडायचं. कागद हातात आला की तिला बरं वाटायचं, एवढी साधी गोष्ट होती.

मग गिऱ्हाइकं आखणी आयतीच पाठवायला लागली. छापखान्याच्या मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला, "तुमच्यासारखी माणसं आता मिळत नाहीत" असं म्हणाले आणि तिला काढून टाकलं.

शहरात एक स्टुडिओ होता. कागदाच्या उभ्या राहणाऱ्या, फिरणाऱ्या, उघडमीट करणाऱ्या वस्तू करणारा. त्यांच्या कामाची छायाचित्रं धाकटी वर्षानुवर्षं कापून ठेवत आली होती. नोकरी गेल्यावर तिने त्यांना ईमेल पाठवली, मग पुन्हा पाठवली, मग आठवण करून देणारी पाठवली. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिने ठरवलं की ज्यांची भाषा कागदाची, त्यांच्याशी कागदातूनच बोलायचं.

वेळही फारसा उरला नव्हता. दादाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि धाकटीची खोली लागणार होती. दादा हे तोंडाने म्हणाला नाही. त्याने दुसऱ्या गावच्या मुलींच्या होस्टेलात तिच्यासाठी रेक्टरची जागा तेवढी शोधली. राहणं, जेवण, सगळं तिथेच.

"मी अजून शब्द दिलेला नाही," दादा म्हणाला होता. "महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहेत ते. तोवर तुझ्या स्टुडिओचं जमलं तर प्रश्नच मिटला. इथेच कुठेतरी खोली बघू तुला."

होस्टेलचा तिला राग नव्हता. मुलींची हजेरी घ्यायची, फाटक लावायचं, त्यात कमीपणा कसला? पण तिथे गेलं की हाताचं काम सुटलं, आणि या वयात सुटलेलं पुन्हा हाती लागत नाही, हे तिला लख्ख दिसत होतं.

शेवटचं, सर्वांत नेटकं दार पाकिटात घालताना वहिनी शेजारीच उभी होती.

"मागे नाव-पत्ता लिहा की."

"नाव आत आहे ना. बाहेर लिहिलं की गंमतच गेली."

"म्हणजे ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं."

"भांडं लपवलेलं नाही वहिनी. नुसतं झाकण ठेवलंय."

वहिनीने खांदे उडवले. धाकटीने पाकीट स्वतः पोस्टात नेऊन दिलं.

त्यानंतर ती फोनची होऊन गेली. आंघोळीला जाताना तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेऊ लागली. फोन यायचे. कर्ज हवंय का विचारणारे यायचे, लग्नाचा हॉल ठरला का विचारणारी मावशी यायची, एकदा तर कुणीतरी गॅसची शेगडी कधी दुरुस्त करून देता म्हणून तिच्यावरच डाफरलं. प्रत्येक वेळी घंटा वाजली की घर गप्प व्हायचं आणि तिने मान हलवली की पुन्हा बोलू लागायचं. ही त्या घराची माया होती आणि तीच तिला सोसत नव्हती. सुरुवातीला ती नोकरी मागत होती. मग अर्धवेळ काम चालेल म्हणू लागली. मग चिकटवाचिकटवीचं चालेल. हे सगळं ती मनातल्या मनात, त्या मुक्या फोनशी बोलायची.

"धाकटे," महिनाअखेरीला दादा चहाचा कप हातात धरून म्हणाला, "आज त्यांना कळवावं लागेल गं."

"संध्याकाळी कळव," ती म्हणाली आणि चपला घालून निघाली. काम मागायला कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं नाही, हा तिचा बाणा त्या दिवशी घरीच राहिला.

स्टुडिओ एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होता. आत कागदाचा, डिंकाचा ओळखीचा वास. टेबलाशी बसलेल्या मुलीने "कुणाला भेटायचंय?" असं विचारलं, पण धाकटीची नजर पुढे गेली होती. समोरच्या फळीवर, काचेच्या पेटीत, तिचं दार होतं. वर एक छोटा दिवाही लावलेला होता.

बेलची दोरी हातांनी मळली होती. चकतीची कड झिजली होती. पट्टी मात्र कोरी करकरीत होती.

"हात नका हं लावू काकू," मुलगी म्हणाली. "कुणीतरी पाठवलंय. कुणी ते अजून कळलेलंच नाही. येईल त्याला आम्ही दाखवतो."

"पट्टी फाडली नाहीत?"

"इतकं सुंदर कसं फाडणार? आमच्या मालकीणबाईंनी सक्त ताकीद दिलीय. पहिल्याच दिवशी एक जण फाडत होता, केवढ्या ओरडल्या त्याच्यावर."

धाकटी शेजारच्या खुर्चीत बसली. आयुष्यभर तिने फाडून फेकायच्या वस्तू केल्या होत्या. आपल्या हातचं काही फाडताना कुणाचा हात थांबेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिला रडू आलं, आणि हसूही आलं. दोन्ही तिने आवरलं.

बाई आतून आल्या. साधारण तिच्याच वयाच्या, बोटांना डिंक लागलेला.

"ते दार माझं आहे," धाकटी उभी राहत म्हणाली.

बाईंचा चेहरा क्षणात उजळला. "तुम्ही? अहो, कुठे कुठे शोधलं तुम्हाला. आर्ट कॉलेजात विचारलं, ओळखीच्या सगळ्या स्टुडिओंत विचारलं. तुम्ही असता कुठे?"

"औषधांची खोकी करायची मी."

"तिथे कोण विचारणार?" बाई म्हणाल्या आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "एक जागा होती. अगदी याच कामाची. आम्ही खूप दिवस थांबलो हो. शेवटी गेल्या आठवड्यात घेतलं एका मुलीला."

खिडकीपाशी ती नवी मुलगी मान खाली घालून कागद कापत होती, जीभ दातांत धरून. तिचा राग यावा म्हणून धाकटीने प्रयत्न करून पाहिला, पण राग आला नाही.

"बाहेरून करायचं काही काम?" तिने विचारलं. आपला आवाज आपल्यालाच परका वाटला तिला. "घड्या घालायच्या, चिकटवायचं. काहीही. पगाराचं मागाहून बघू."

"असतं तर लगेच दिलं असतं. आहेत त्यांनाच काम पुरत नाही आता." बाई खरंच बोलत होत्या, हेच वाईट होतं. मग त्यांनी भीत भीत विचारलं, "हे आमच्याकडे राहू देता का?"

"ठेवा. पण फाडा ते."

"नको हो."

"फाडायलाच केलंय, बाई. तसंच ठेवलंत तर ते अर्धंच राहील."

बाईंनी पेटी उघडली. आजूबाजूची माणसं कामं टाकून जवळ आली. पट्टी एका रेषेत, जराही न अडता सुटली, दार उघडलं आणि खुर्ची उभी राहिली. बाईंनी खुर्चीच्या पाठीवरचं नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. पुढचं त्यांनी मनातच वाचलं. धाकटीने नमस्कार केला आणि ती बाहेर पडली.

अर्धा जिना उतरली असेल नसेल, फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"मी स्टुडिओतून बोलतेय," बाईंचा आवाज होता. "आत लिहिलंय ना, फोन करा, म्हणून..." त्या थांबल्या. "तुमचं दार मिळालं आम्हाला. फार सुंदर आहे."

धाकटीने कठडा धरला. वर येणाऱ्या एका माणसाला तिने सरकून वाट दिली.

"कळवलंत, बरं वाटलं," ती म्हणाली.

"ती खुर्ची..."

"हो. भरलीय. कळलं मला. ठेवा आता, तुमची कामं असतील."

फोन ठेवल्यावर तिने दादाला फोन लावला आणि होस्टेलला हो म्हणून कळव, असं सांगितलं.

दादाने विचारलं, "म्हणजे त्यांचा फोन आलाच नाही का गं?"

"आला ना," धाकटी म्हणाली. "आत्ताच आला."